पाच मिनिटांची सरासरी

फेब्रुवारी लागला की निपाणी स्टँडवर उतरताच मला शिंक येते. ओळीनं तीन-चार. उन्हं तापायला लागलेली असतात, वखारींची दारं सताड उघडी असतात आणि तंबाखूची बारीक धूळ हवेत तरंगत असते. गावात राहणाऱ्यांना ती जाणवत नाही. मी अठरा वर्षांची होईपर्यंत मलाही जाणवली नव्हती. पुढं बेळगावात शिकले, तिथंच नोकरी लागली, आठवड्यातून एकदा घरी यायला लागले आणि मग नाकाला कळलं की आपलं गाव तिखट आहे. आई दारातूनच म्हणते, "आलीस व्हय? शिंका ऐकू आल्या."

परवाही तशीच शिंकत घरी पोचले. पदर डोक्यावर घेऊन आई अंगणात तूर पाखडत होती. पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले. अशा वेळी मला दरवर्षी एकच हंगाम आठवतो. तंबाखूशी त्याचं काही नातं नाही. तो सगळा एका बंद, गार, बिनवासाच्या खोलीत गेला. पण त्या दिवसांत मी दर रविवारी शिंकत याच अंगणात येऊन बसत होते आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटून राहिलं असावं.

उद्यमबागेत एका जुन्या फाउंड्रीच्या शेडमध्ये आमचं डेटा सेंटर आहे. लोकांचे संगणक आपल्याकडे ठेवून घ्यायचे, ते चोवीस तास गार आणि चालू ठेवायचे, हे आमचं काम. कॉलेजांचे आहेत, पतसंस्थांचे आहेत, शहापूरच्या साडीवाल्यांचे आहेत, एका मोठ्या इस्पितळाचेही आहेत. शेजारच्या फाउंड्र्या अजून चालतात. सकाळी बसमधून उतरलं की जळक्या वाळूचा आणि तापल्या लोखंडाचा वास येतो, डबे अडकवलेल्या मोटारसायकली शेजारून जात असतात. आमच्या दोन दारांच्या आत गेलं की वास संपतो. आत फक्त थंडी आणि पंख्यांचा घोष. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.

मी तिथं वाहतुकीवर नजर ठेवते. म्हणजे तारांमधून किती माहिती जातेय, कुठं अडतेय, कुठं गळतेय, ते बघते. आई वाड्यातल्या बायकांना सांगायची, "आमची सुजा ट्रॅफिकमध्ये हाय." कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत मी ट्रॅफिक पोलीस होते. एका काकूंनी तर मुलाची पकडलेली गाडी सोडवायला मला फोन केला होता.

त्या काळी ही नजर ठेवायची रीत अशी होती. स्विच नावाची यंत्रं असतात, सगळ्या तारा त्यात येऊन मिळतात. आमचा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी प्रत्येक स्विचला विचारायचा, किती गेलं? स्विच एक आकडा द्यायचा. मग त्या आकड्याचा एक हिरवा ठिपका पडद्यावर उमटायचा. ठिपक्याला ठिपका जोडून दिवसभराची टेकडी तयार व्हायची. सकाळी दहाला चढ, दुपारी जेवणाच्या वेळी जरा खळगा, संध्याकाळी उतार. ती टेकडी मी इतकी वर्षं बघितली होती की नुसत्या आकारावरून वार सांगू शकत होते. पाच मिनिटांत जे काही झालं असेल त्याची सरासरी, एवढाच त्या ठिपक्याचा अर्थ. त्याहून जास्त काही मला कधी लागलं नव्हतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास आम्ही वेग वाढवला. जुने स्विच काढले, नवे आले. आधी एका सर्व्हरला जेवढी वाट होती तिच्या पंचवीसपट झाली, आणि मुख्य वाटा शंभर गिगच्या. खोकी आली, त्यातला थर्माकोल शेडभर उडत राहिला. तांब्याच्या तारा जाऊन काचेच्या आल्या. त्या काचेच्या तारा ओढायला, जोडायला ठेकेदाराकडून एक माणूस यायचा. मारुती अण्णा.

पंचेचाळिशीचे असतील. लोंढ्याच्या अलीकडच्या एका गावातले, घरी भातशेती. रोज बसनं यायचे, बसनं जायचे. केसाहून बारीक काचेचा धागा दोन बोटांत धरून ते त्याचं टोक असं पुसायचे की बघत राहावं. पुसायचं, छोट्या दुर्बिणीतून बघायचं, पुन्हा पुसायचं, मग खट्‌ करून बसवायचं. प्रत्येक तारेला स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी. महाशिवरात्रीच्या आधी त्यांच्या डब्यात उकडलेली रताळी असायची. त्यातलं एक माझ्या टेबलावर यायचं.

एकदा दोघं संगणकांच्या रॅकच्या मागं उभे होतो. त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्या एका तारेतनं किती जातंय?"

मी म्हटलं, "शंभर गिग, अण्णा. म्हणजे बघा, अख्खा सिनेमा डोळ्याची पापणी लवायच्या आत."

"आणि धुळीचा एक कण बसला टोकाला की?"

"थोडं गळतं."

"गळतंय म्हंजे संपलंच की," ते म्हणाले आणि पुन्हा पुसायला लागले.

तक्रार फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. इस्पितळातले एक डॉक्टर रुग्णांच्या स्कॅनची चित्रं बघायचे. ती चित्रं आमच्याकडच्या साठवणीच्या यंत्रात असत. डॉक्टरांचं म्हणणं असं, की चित्र अर्धं उघडतं आणि थांबतं. दरवेळी नाही, कधीकधी. पुन्हा उघडलं की येतं. "समोर पेशंट झोपलेला असतो," ते फोनवर म्हणाले, "आणि मी अर्ध्या मणक्याकडं बघत बसतो."

आमचे मॅनेजर हिरेमठ सर धावत आले. "मॅडम, ग्राफ बघा आधी."

ग्राफ बघितला. साठवणीच्या यंत्राकडं जाणारी वाट अठरा टक्के भरलेली. म्हणजे जवळजवळ रिकामी. हिरवी, शांत टेकडी. गर्दी नाही तर मग अडतंय कुठं? गर्दी नसताना गळत असेल तर तार खराब, असं पुस्तकात शिकले होते. मी त्या वाटेवरच्या तारांची चौकशी केली. सतरा नंबरच्या जोडावर स्विचनं चारशे बारा चुका मोजल्या होत्या. बाकी सगळीकडं शून्य.

तो आकडा बघून मला जे वाटलं ते मी आज स्पष्ट सांगू शकते. सुटल्यासारखं वाटलं. कारण सापडलं, आणि ते माझ्या हातातलं नव्हतं. मी लिहून दिलं, सतरा नंबरचा जोड सदोष.

मारुती अण्णांनी जोड उघडला, पुसला, बसवला. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन. त्यांनी तार बदलली. पुन्हा फोन. त्यांनी दुसऱ्या टोकाचा जोडही बदलला. फोन आलाच. शेवटी एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात ती छोटी दुर्बीण.

"मॅडम, मी आत्ताच बघून आलो. आरशागत साफ हाय. तुम्ही येऊन बघा एकदा."

मी पडद्यावरून नजर काढली नाही. "आकडा दिसतोय ना, अण्णा. चारशे बारा."

"आकडा असंल. पर जोड चांगला हाय."

"मग आकडा खोटा आहे का?"

त्यांनी दुर्बीण खिशात घातली आणि ते गेले. पंधरा पावलांवर तो रॅक होता. उठून जायला मला एक मिनिट लागलं असतं.

आठवड्याच्या शेवटी हिरेमठ सरांनी ठेकेदाराला फोन केला. माझा अहवाल त्यांनी वाचूनच दाखवला. सोमवारपासून दुसरा माणूस येणार असं ठरलं. शनिवारी संध्याकाळी अण्णांनी गळ्यातलं कार्ड काढून वॉचमनकडं दिलं आणि काचेपलीकडून मला हात केला. "येतो, मॅडम," असं म्हणाले असावेत, ओठांवरून वाटलं. मी कानाला फोन लावून बसले होते. मान हलवली.

आणि पुढचे आठ दिवस एकही तक्रार आली नाही. हिरेमठ सर म्हणाले, "बघा, माणूस बदलला, प्रॉब्लेम गेला." मलाही तसंच वाटलं. नवव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. ते भावाच्या लग्नाला गेले होते, म्हणून फोन नव्हता. चित्रं तशीच अर्ध्यावर थांबत होती.

मार्चमध्ये एका कंपनीनं नवं टूल आम्हाला महिनाभर वापरायला दिलं. तोवर अशी टूल्स मोठ्या शहरांतच ऐकली होती. त्याची रीत उलटी होती. आम्ही विचारायचं नाही, स्विच स्वतःच सांगत राहणार. सेकंदाच्या हजाराव्या भागात किती आलं, किती गेलं, आत किती तुंबलं. बसवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते उघडलं आणि माझी ओळखीची हिरवी टेकडी कुठंच नव्हती. तिच्या जागी जवळजवळ सपाट जमीन होती, आणि बरोबर अकराच्या ठोक्याला एक सरळ उभी रेघ. पडद्याच्या माथ्यापर्यंत. मग पुन्हा सपाट.

काहीतरी चुकलं असेल म्हणून मी बारापर्यंत थांबले. बाराला पुन्हा रेघ. डबा उघडून बसले आणि एक वाजेपर्यंत भाकरी तशीच हातात राहिली. एकला पुन्हा. रेघ सेकंदभरसुद्धा टिकत नव्हती. तेवढ्या वेळात ती वाट शंभर टक्के भरत होती, मागून येणारं स्विचमध्ये तुंबत होतं, आणि जे मावत नव्हतं ते स्विच टाकून देत होता. त्या क्षणी डॉक्टरांचं चित्र वाटेत असलं तर त्याचा तुकडा गळत होता. पाच मिनिटांच्या सरासरीत हे सगळं अठरा टक्के दिसत होतं.

दर तासाच्या ठोक्याला काय होतं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. सगळे सर्व्हर दर तासाला आपली एक प्रत साठवणीच्या यंत्राकडं पाठवतात. ती वेळ मी लावली होती. एका सर्व्हरवर एक ओळ लिहिली होती आणि तीच ओळ उरलेल्या एकसष्टांवर चिकटवली होती. सगळ्यांना एकच मिनिट. वाटा अरुंद होत्या तोवर त्याचं काही बिघडलं नाही, सगळे हळूहळू येत राहायचे. वाटा रुंद केल्या आणि बासष्ट यंत्रं एका दमात एकाच दाराशी यायला लागली. उद्यमबागेत शिफ्ट सुटते तेव्हा फाटकाशी होतं तसं.

मग मी सतरा नंबरचा आकडा काढला. चारशे बारा. फेब्रुवारीत होता तेवढाच. एकानंही वाढला नव्हता. तो मोजणारा काटा कुणी शून्यावर आणल्याशिवाय कमी होत नसतो. तार टाकली त्या अगदी पहिल्या दिवशी, अण्णांनी जोड पुसून पक्का करायच्या आधी, कणभर धूळ असताना त्या चुका मोजल्या गेल्या असणार. पुढं अण्णा जाईपर्यंत मी तोच शिळा आकडा त्यांच्या तोंडावर फेकत होते. मी काटा शून्यावर आणला आणि संध्याकाळपर्यंत बघत राहिले. शून्यच.

उठून त्या रॅकच्या मागं गेले. सतरा नंबरला अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. सोळा आणि अठरालाही होती. सगळी अक्षरं सारखी, सगळ्या चिठ्ठ्या एका रेषेत.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. प्रत्येक सर्व्हरला वेगळं मिनिट दिलं. रेघा नाहीशा झाल्या. डॉक्टरांनी आठवड्यानं स्वतःहून फोन करून सांगितलं की मणका पूर्ण दिसतो.

हिरेमठ सरांना मी सगळं सांगितलं. शिळ्या आकड्यासकट. ते वाईट माणूस नाहीत. ऐकून घेतलं, खुर्ची जरा मागं सरकवली आणि म्हणाले, "आयतु, झालं की. सुटला ना प्रॉब्लेम? रिपोर्टात लिहा, शेड्यूल बदलला. कोणाचा शेड्यूल, कोणी लावला, कशाला? एप्रिलमध्ये टीमलीडचं नाव पाठवायचंय मला. तुमचं पाठवणार हाय. आता हे मध्ये कशाला आणता, मॅडम?"

"आणि मारुती अण्णा?"

"ठेकेदाराचा माणूस तो. दुसरीकडं लागला असेल."

मी तसंच लिहिलं. शेड्यूल बदलला. ओळभर अहवाल. पाठवूनही टाकला.

त्यानंतरचे दोन आठवडे मला फारसे आठवत नाहीत. शहापुरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीखाली माग चालतात. सकाळी त्यांच्या खटखटीनं जाग यायची, चहा व्हायचा, बस, दोन दारं, थंडी. त्रास म्हणावा असा काही होत नव्हता. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त अण्णांच्या चिठ्ठ्या होत्या त्या बाजूनं जायचं असलं की मी पलीकडच्या रांगेतून वळसा घालत होते, आणि हे माझं मलाच पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घरी आले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. वडील गेल्यापासून आईनं वखारीत बावीस वर्षं काम केलं. तंबाखूचा पाला चाळायचा, देठ वेगळे काढायचे, पोती भरायची. मी काही विचारलं नव्हतं. ऑफिसातली गोष्टही कधी सांगितली नव्हती. गावात कुठलीशी वखार बंद होणार अशी बातमी होती, त्यावरून बोलणं निघालं आणि ती म्हणाली, "त्याच वखारीतनं मला काढलंतं न्हाय का. तू चौथीत हुतीस."

मला आठवत होतं. मला एवढंच माहीत होतं की त्या वर्षी आई काही महिने खडी फोडायला जायची.

"का काढलंतं?"

"माझ्या पोत्यात देठ निघालं. मुकादमानं सगळ्यांम्होरं पोतं उलटं केलं." तिनं भाकरी उलटली. "पोतं माझं न्हवतंच. शेजारणीचं. आदल्या दिशी नंबराच्या चिठ्ठ्या बदलल्या हुत्या तिनं. मुद्दाम न्हाय, गडबडीत. तिलाबी नंतर कळलं असणार."

"तुला कसं कळलं?"

"तिच्या तोंडावरनं. पुढं सा म्हैन्यानं मला घेतलं परत. तिच्याच शेजारी बसत हुतो. चौदा वर्सं. रोज भाकरी एकत्र खाल्ली. पर कधी बोलली न्हाय."

"आणि बोलली असती तर?"

आईनं तव्यावरून भाकरी काढली, निखाऱ्यावर उभी केली. तिला प्रश्नात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. "तर काय? आईक म्हणून घरात सांगितलं असतं तुझ्या आज्जीला. म्हातारी मरुस्तवर म्हणायची, तुझ्या हाताला वळण न्हाय." मग ती म्हणाली, "वाढू का?"

सोमवारी मी नवा अहवाल लिहिला. या वेळी पूर्ण. वेळ कुणी लावली, आकडा कुणी तपासला नाही, जोड कुणाचा होता आणि तो पहिल्यापासून निर्दोष होता. खाली माझं नाव. हिरेमठ सरांना, इस्पितळाला आणि ठेकेदाराला, तिघांनाही एकाच वेळी पाठवला.

फार काही घडलं नाही. टीमलीड त्या वर्षी दुसऱ्याला मिळालं, मला पुढच्या वर्षी. हिरेमठ सर महिनाभर कामापुरतंच बोलले आणि नंतर विसरले. डॉक्टरांनी आभाराचं उत्तर पाठवलं, त्यांना त्यातलं काय कळलं माहीत नाही. ठेकेदार म्हणाला, "बरं झालं कळवलंत, पण आता त्या जागेवर माणूस घेतलाय." मारुती अण्णा आमच्याकडं पुन्हा कामाला आले नाहीत.

आता आमच्याकडं चारशे गिगचे स्विच आहेत. नवं टूलही जुनं झालं, त्याच्या जागी दुसरं आलंय. एखादा क्षण कुठं अडखळला तर ते मला सांगतं, कधी मी विचारायच्या आधी सांगतं. नव्या मुली येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. आकडा दिसला की आधी काटा शून्यावर आणायचा, मग तासभर थांबायचं आणि मगच कुणाचं नाव घ्यायचं. त्यांना वाटतं ही तांत्रिक शिस्त आहे. आहेच ती.

पण त्या वर्षी अहवाल पाठवून झाल्यावर एक काम उरलं होतं. ठेकेदाराकडून पत्ता मिळाला आणि एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी गाडीनं लोंढ्याला गेले. पर्समध्ये अहवालाची प्रत होती.

अण्णा स्टेशनच्या पलीकडं सापडले. रुळांच्या कडेनं केबल टाकायचं काम चाललं होतं. ट्रकमधून केबल गुंडाळलेली मोठमोठी लाकडी चाकं उतरवून घेणाऱ्यांत ते उभे होते. मला बघून जवळ आले. डोळ्यांवर चष्मा होता, काळ्या जाड काड्यांचा.

"मॅडम? तुम्ही हितं?"

काय बोलायचं ते मी गाडीत ठरवून आले होते. तोंडातून भलतंच निघालं. "चष्मा कधी लागला, अण्णा?"

"लागला न्हाय. घेतला." ते जरा हसले. "तुम्ही म्हणत हुता आकडा दिसतोय, आणि मला दुर्बिणीत सगळं साफ दिसायचं. मग म्हटलं डोळ्यातच कायतरी झालं असंल. खानापुरात जाऊन तपासून आलो. डाक्टर म्हणला, वयाच्या मानानं चांगलं हायत. मीच म्हणलो, द्या एक. आता जोडकाम सोडलं. बारीक काम नगंच वाटतंय. ही चाकं उतरून घेतो."

मी तिथंच, खडीवर उभी राहून सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. त्यांनी हात वर केला.

"हितं न्हाय. घरात चला. आप्पासमोर सांगा."

त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून गावात गेले. भाताची रानं वाळून भेगाळलेली होती. घराच्या सोप्यात त्यांचे वडील आप्पा चटईवर बसले होते, बायको दाराशी उभी राहिली. तिनं ताकाचा पेला पुढं केला. मी तो हातात धरून सगळं सांगितलं. स्विच, गिग, मिलिसेकंद असलं काही न वापरता. माझ्या कामात चूक होती, ती मला दिसली नाही, आणि मी यांच्या कामाला नाव ठेवलं.

आप्पांनी मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे ह्येची चूक न्हवती?"

"नव्हती."

"तुमची हुती."

"होय."

"मग यायला एवढं दिस का लागलं?"

"भ्याले," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही, आणि दुसरं काही नव्हतंही.

अण्णांची बायको म्हणाली, "दोन म्हैनं झालं, रात्रंदिस हाताकडं बघत बसायचे." एवढं बोलून ती आत गेली.

मी पर्समधून अहवाल काढून अण्णांना दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत बघितला. "हे इंग्लिशमधी हाय. माझं नाव तेवढं वळखलं. मराठीत लिवून द्या." त्यांच्या मुलीच्या वहीचा एक कागद फाडून आला, पेनही आलं. सोप्यात मांडी घालून मी लिहायला बसले. जन्मभर मराठी बोलले, पण ऑफिसातली एक ओळ कधी मराठीत लिहिली नव्हती. दोन शब्द खोडले. शेवटी एवढं उतरलं: अमुक महिन्यात जी तक्रार आली तिचं कारण माझी चूक होती. मारुती अण्णांनी केलेला जोड पहिल्या दिवसापासून चांगला होता. त्यांचं काम स्वच्छ होतं. खाली सही, तारीख.

त्यांनी कागद घेतला आणि आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. एकेक शब्द सावकाश. आप्पा नुसते "हां" म्हणाले.

मग अण्णांनी चष्मा काढला. घडी करून खिशात ठेवला. कागद घेऊन ते दारात उजेडाकडं गेले, हात लांब करून धरला आणि ओठ हलवत पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागले. आम्ही सगळे थांबलो. सहीपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

"दिसतंय की," ते म्हणाले.